पाल मागितलं, दूध आलं

भाऊ,

नातीनं माझ्यासाठी नवी गादी आणली आहे. हातानं दाबली की बोटं आत रुततात आणि हात उचलला की तव्यावरची भाकर फुगावी तशी हळूहळू वर येते. आजोबा, तुमच्या कमरेला बरं, असं ती म्हणते. पोरीनं एवढ्या मायेनं आणली म्हणून दोन दिवस झोपलो, तिसऱ्या दिवशी दुपारी सतरंजी घेतली आणि गुपचूप खाली उतरलो. जमीन कशी, आपण पडलो की पडलो. ती आपल्याला झोका देत बसत नाही. ते पाहून नात रुसली, मी हसलो, आणि हसता हसता तुमची आठवण आली. तुम्ही मला उभ्या आयुष्यात एकदाच रागावलात, आणि तेही एका पलंगापायी.

तेव्हा आपल्या चंद्रपूरला सारे चांदाच म्हणायचे. तुम्ही मिशनचे उपदेशक, दाढी अर्धी पिकलेली, पायात टायरच्या चपला. मी दवाखान्यात औषधं कालवणारा. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पुढचं सगळं मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आणि मोठ्या डॉक्टरांच्या हाताकडे पाहून शिकलो. मायबाप लहानपणीच गेल्यानं वसतिगृहात वाढलो आणि चोविसाव्या वर्षापर्यंत चटईवर झोपलो. मग एक मडम आपल्या देशी परत गेली आणि जाताना तिचा लोखंडी स्प्रिंगचा पलंग मला देऊन गेली. भाऊ, राजाला गादी मिळाल्यावर काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. कूस बदलली की तो पलंग कुईकुई करायचा आणि मला ते गाणं वाटायचं. वर दवाखान्यानं एक खोलीही दिली होती, कौलारू, दाराशी नळ. रोज सकाळी गवळी पावशेर दूध घालायचा. घट्ट दुधाचा चहा आणि तो पलंग, याच्यापलीकडे देवानं माणसासाठी आणखी काही केलं असेल असं मला वाटत नव्हतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की उन्हाळा सरला की मोठा कंपाउंडर तूच.

आणि नेमके तुम्ही दारात आलात. हिवाळ्याचा दौरा सिरोंच्याच्या बाजूला काढायचा होता. तिकडे दोन-दोन दिवसांच्या वाटेवर औषध नाही, हिवतापानं गावं पिवळी पडलेली. तुम्ही देवाची गोष्ट सांगणार, मी गोळ्या देणार. शिवाय तिथं कुठंतरी एक कायमचा दवाखाना उघडावा, निदान एक माणूस बसवावा, हेही तुमच्या मनात होतं, आणि तो माणूस कोण ते तुमच्या नजरेत दिसत होतं. मी पलंगावर बसलेलो. म्हटलं, भाऊ, देवानं सांगितलं तर जाईन ना, पण मले त्यानं काही सांगितलं नाई अजून. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात.

"सांगन कसा गा? तू इथी दिवसभर कुईकुई करून राह्यला. देवाच्या आवाजापेक्षा तुया पलंगाचाच आवाज जास्त हाये."

मागे तुमची बाई उभी होती. आम्ही सारेच तुमच्या घरच्यांना बाई म्हणायचो. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "राहू द्या जी त्याले. पुढच्या ऐतवारी मंडळीत त्याचं पलंगासंगच लगन लावून द्या."

तुमच्या रागावण्यानं मी हललो नसतो, पण बाईंचं हे वाक्य संध्याकाळपर्यंत नर्सांमध्ये पोचलं. दुसऱ्या दिवशी एकजण मला विचारते, नवरी कशी आहे, कुरकुर तर नाही ना करत? मग काय, निघालो. देवाच्या बोलावण्यानं नाही, नर्सांच्या हसण्यानं. मी एकच अट घातली, की फक्त हा एक दौरा, फाल्गुनात मी परत माझ्या खोलीत. तुम्ही म्हणालात, हो गा, मी का तुले बांधून ठेवतो? तुमचीही एक अट होती. गाडीत जागा थोडी, तेव्हा प्रत्येकाची एकच पेटी, आणि पेटीत सुखाची वस्तू नको. उशी काढायला लावलीत. आरसा काढायला लावलात. चहाची पत्ती तेवढी राहू दिलीत, कारण ती तुम्हालाही लागायची.

ती बैलगाडी अजून डोळ्यासमोर आहे. तुम्ही पुढं कासरा धरून, मागं औषधांच्या पेट्या, खंजिरी आणि ते भलंमोठं खाकी पाल, लष्कराच्या लिलावातला तंबू, ज्याला भर उन्हातही ओलीचा वास यायचा. आष्टीजवळ वैनगंगा उतरतो आहोत, बैलांच्या पोटाला पाणी लागतं आहे, आणि तुम्ही मोठ्यानं भजन म्हणता आहात, सूर सोडून. आलापल्लीच्या पुढं सागवान इतका दाट की दुपारी बारालाही वाट सावलीतच. गोंडांच्या, माडियांच्या गावात तुम्ही जोहार घातलात की माणसं सरकून जागा द्यायची. तुमची गोंडी अशी पक्की की बायका तुमच्याशी थट्टा करायच्या. त्या लोकांनी आपल्याला काय दिलं नाही? आंबील दिली, मोहाची फुलं भाजून दिली, एकदा लाल मुंग्यांची चटणी दिली, ती मी डोळे मिटून खाल्ली आणि मग डोळे उघडून परत मागितली. पण दूध नाही. दारात गाई बांधलेल्या, पण दूध वासराचं, ते माणसानं कसं काढायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. मी एकदा मागून पाहिलं तर एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, आणि तुम्ही ते मला हसत हसत मराठीत सांगितलंत, की तू वासरू आहेस का?

तर काळा चहा, त्यात गूळ. तुम्ही फुंकर मारून असे प्यायचात की जणू मेजवानी. मी घोट घेतला की तोंड वाकडं करायचो. तुम्ही एकदा माझ्या पेटीकडे बोट दाखवून म्हणालात, "तुया पेटीले मुंग्या बहुत लागतात गा. क्विनाइन त कडू अस्ते म्हन्तेत." मी म्हटलं, जंगलातल्या मुंग्या आहेत भाऊ, काहीही खातात. तुम्ही मान हलवलीत आणि बैलांना हाकललंत.

सिरोंचा दोन मुक्कामांवर राहिलं तेव्हा एका गावाशी आलो. तिथं तुमची गोंडी संपली. सगळा गाव तेलुगू. गावाबाहेर उतरलो त्याच संध्याकाळी तुम्ही मला स्पष्ट विचारलंत, "याच गावात बसशील का? नाई म्हटलं तरी मी रागावत नाई. पण विचारून पाय त्याले." म्हणजे देवाला. फाल्गुन लागायला आठ दिवस होते. मी म्हटलं विचारतो.

विचारलं, आणि कसं विचारलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पवित्र शास्त्रातली जुनी माणसं देवाला खूण मागायची, ते तुम्हीच गाडीत बसून सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, देवा, इतक्या दिवसांत दुधाचा थेंब पाहिला नाही. तू मला इथं ठेवणार असशील तर उद्या या गावात न मागता मला दूध मिळू दे. आणि हे मागून मी निश्चिंत झालो. भाऊ, मी खूण मागितली ती राहण्यासाठी नाही, सुटण्यासाठी मागितली. देवालाही जमू नये अशी बघून मागितली. मनातल्या मनात मी पलंगाची चादर झटकून ठेवली होती.

सकाळी गावच्या चावडीपुढं आपण उभे. पाटील, दहा-बारा माणसं, पाण्याला निघालेल्या बायका. तुम्हाला पाल ठोकायला जागा हवी होती. समोरच्याला आपली बोली कळत नसली की आवाज वाढवायचा, ही तुमची सवय. "पाल!" तुम्ही ओरडलात. "पाल! मोठं पाल! दहा माणसाले पुरन!" आणि पालाचा आकार दाखवायला तुम्ही दोन्ही तळहात जुळवून उलटे धरले, मग त्यांना कळेना म्हणून सुलटे केले आणि दहा बोटं पसरून दाखवली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाटलानं तुमच्या पिकल्या दाढीकडे पाहिलं, माझ्या वाळल्या तोंडाकडे पाहिलं, आणि कोणाला तरी काही सांगितलं. सगळे पांगले. तुम्ही म्हणालात, समजलं त्यायले, जागा झाडायले गेले.

थोड्या वेळानं एक म्हातारी आली, हातात पितळी लोटा. तिच्यामागं एक बाई गाडगं घेऊन. मग आणखी एक, आणखी एक. आठ भांडी आपल्यासमोर रांगेनं मांडली गेली आणि आठहीमध्ये दूध, म्हशीचं, वर फेस. लोक बाजूला उभे राहून वाट पाहत होते, की एवढ्या दुधाचं हे दोघं करतात काय.

मी भांड्यांवरून नजर काढून गाडीकडे पाहिलं. ती खूण मी ओठसुद्धा न हलवता मागितली होती. तुम्ही मात्र खुशीत. म्हणालात, पाहिलंस का, पाहुण्याले आधी दूध, मग जागा, किती सभ्य लोक. चूल मांडली, मी चहा केला, पाण्याला हात न लावता नुसत्या दुधात. पहिला घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही विचारलंत, "काऊन गा, धूर लागला?" मी म्हटलं, हो भाऊ, धूर. तो धूर नव्हता. एका डोळ्यात आनंद होता, दुसऱ्यात माझी कौलारू खोली.

दुपारी सिरोंच्याहून बांगड्या विकणारे चाचा आले. पेटी डोक्यावर, तोंडात पान, मराठी-तेलुगू-उर्दू तिन्ही एकाच तोंडात. तुम्ही त्यांना म्हणालात की जागेचं अजून कोणी काही बोलत नाही, तुम्हीच विचारून पाहा. चाचांनी पाटलाला विचारलं, पाटलानं काहीतरी सांगितलं, आणि चाचांनी हसू आवरेना म्हणून बांगड्यांची पेटी खाली ठेवली.

"भाऊ, यांच्या बोलीत पालु म्हणजे दूध. आपने दूध मांगा, दहा आदमी का मांगा, उन्होंने दे दिया. आता हे मला विचारतात, बुढ्याला रोज इतकंच लागतं का?"

तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. गावही हसलं. मी पण हसलो, आणि माझ्या हसण्याचं कारण वेगळं होतं. सुटलो म्हटलं. ही खूण नाही, ही तर शब्दाची चूक. शिवाय न मागता यायला हवं होतं, तुम्ही तर चावडीपुढं ओरडून मागितलं. खूण रद्द. फाल्गुन, पलंग, नळ. पाटलानं चिंचेखालची जागा दिली, मी पाल ठोकायला लागलो आणि शिट्टी वाजवत होतो. तुम्ही ती शिट्टी ऐकलीत आणि पुढची खुंटी माझ्या हातात दिलीत. दौऱ्यात मी शिट्टी वाजवल्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नदीकडे आंघोळीला गेला होता. चाचांचा मुक्काम गावातच होता. तीच पहिली म्हातारी पालाशी आली, घोंगडी गुंडाळून, दात वाजत होते. जवळ गेलो तर अंग तव्यासारखं. आदल्या दिवशी लोटा घेऊन आली तेव्हाही ताप असणारच. मी दुधाकडे पाहिलं होतं, धरणाऱ्या हाताकडे नाही. ती थांबून थांबून बोलली आणि चाचा मला सांगत गेले. आमच्या घरी एकच म्हैस. काल तुम्ही मागितलं, आम्ही दिलं. कशाला हवं, किती दिवस राहणार, काही विचारलं नाही. आज ती औषध मागते आहे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी तर दूध प्यालो होतो, तेही तीन पेले. मी तिला क्विनाइन कालवून दिलं. आणि मग माझ्या धंद्याची गोष्ट आडवी आली. क्विनाइन सात दिवस घ्यावं लागतं. पहिल्या दोन दिवसांत ताप उतरतो, माणसाला वाटतं झालं, बाटली आढ्याला टांगून ठेवतो, आणि पंधरा दिवसांनी परत थरथरतो. समोर उभं राहून पाजणारा पाहिजे. तुमचा मुक्काम दोनच दिवसांचा. तुम्ही ओल्या धोतरानं परत आलात तेव्हा मी म्हटलं, भाऊ, तुम्ही पुढं व्हा. मी सात दिवस थांबतो, म्हातारीचं औषध पुरं करतो, मग येऊन गाठतो.

तुम्ही धोतर पिळून वाळत घातलंत. शाबासही नाही म्हटलं. निघायच्या सकाळी मी पाल सोडायला लागलो तर तुम्ही माझा हात धरलात. "पाल राहू दे इथी. त्यायनं पाल मागितल्यावर दूध देलं, आता आपण पाल तरी देऊ. मले झाडाखाली झोप येते." आणि गाडीत बसून, सूर सोडून भजन म्हणत निघून गेलात. माघाच्या थंडीत म्हातारा माणूस उघड्यावर झोपत चांद्याला पोचला, हे बाईंनी मला वर्षभर चिठ्ठ्यांतून ऐकवलं.

सात दिवस. पण भाऊ, म्हातारीच्या तिसऱ्या दिवशी पाटलाच्या भावाचा पहिला दिवस होता. त्याच्या पाचव्या दिवशी शेजारच्या गावाहून खाटेवर आणलेल्या बाईचा पहिला. ज्याचा सातवा, त्याच्या बाजूला कोणाचा तरी पहिला बसलेलाच. मी राहायचं असं कधीच ठरवलं नाही. मी फक्त रोज कोणाचं तरी राहिलेलं पुरं करत होतो. असे करता करता फाल्गुन गेला, पालावर गवत टाकून त्याची झोपडी झाली, झोपडीला भिंती आल्या, लग्न झालं, पोरं तेलुगूत भांडायला लागली, आणि मी तिथं सतरा पावसाळे काढले. मोठा कंपाउंडर दुसराच कोणी झाला. पलंग त्यानंच नेला. कुरकुरतो म्हणून महिन्यात विकला असं कळलं, तेव्हा मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही गेलात त्याची खबर मला बाराव्या दिवशी मिळाली, चाचांकडून. मातीला येता आलं नाही. तुमच्यानंतर जो जो भेटला त्यानं मला एकच गोष्ट सांगितली, की भाऊ प्रत्येक मंडळीत उभे राहून माझ्याबद्दल साक्ष द्यायचे: तो पोरगा सुखाचा पलंग सोडून देवाच्या शब्दानं गेला, आणि देवानं त्याच्या हाताला अशी बरकत दिली की त्याच्या हातचं क्विनाइनही गोड लागते. त्या म्हातारीनंच तुमच्या पुढच्या फेरीत तुम्हाला सांगितलं होतं, तिय्यटि मंदु, गोड औषध. ते शब्द ऐकून तुम्ही टोपी काढून वर पाहिलंत. मी बाजूलाच उभा होतो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आता सांगतो. तुम्ही उशी काढलीत, आरसा काढलात, पण माझ्या पेटीच्या तळाशी, पट्ट्यांच्या गुंडाळ्यांत, डब्यातलं घट्ट गोड दूध होतं. चांद्याहून निघालो त्या दिवसापासून तुम्ही बैलांना पाणी दाखवायला गेलात की मी चमचाभर चाटायचो. मुंग्या त्याच्याच होत्या. आणि देवाला मी म्हटलं होतं की दुधाचा थेंब पाहिला नाही, त्या वेळीही डब्यात दोन बोटं शिल्लक होतं. म्हातारीनं क्विनाइनचा पहिला घोट थुंकून टाकला तेव्हा मी पालात मागं गेलो, डबा काढला आणि ती दोन बोटं औषधात निपटून घातली. डबा मग औषधाचं माप म्हणून वर्षानुवर्षं चालला. दुसऱ्या दिवशीपासून सगळे गोडच मागू लागले, म्हणून मला मोहफुलांचा पाक करायला शिकावं लागलं. बरकत म्हणाल तर ती एवढीच.

देवाला ते ठाऊक होतं. मुंग्यांमुळे तुम्हालाही बहुतेक ठाऊक असावं, पण नक्की कुठं आहे? म्हणून भाऊ, हे पत्र मी कोणाला वाचूनही दाखवणार नाही, घडी करून या नव्या गादीखाली ठेवतो, तिचा तेवढा तरी उपयोग. तुम्ही जिथं असाल तिथं अजूनही चार माणसांत उभे राहून सांगत असाल, की त्याच्या हातचं क्विनाइन गोड लागते. सांगा. मला ते ऐकायला अजून आवडतं.